मीटरकाकांचं एक पुरं वाक्य

देशावर संकट आलं होतं ही गोष्ट खरी; पण मीटरकाकांचं संकट त्याच्याही आधीचं होतं. देशाचं संकट अलीकडचं, काकांचं जन्मापासूनचं. त्यांना आयुष्यात एकही वाक्य पुरं करता आलं नव्हतं.

काका तोतरे नव्हते. आवाज बरा होता, विचारही बरे असत. फक्त "माझं म्हणणं असं की" इथपर्यंत ते आले, की समोरच्याला स्वतःचं म्हणणं आठवे. पाणीपुरवठा खात्यातली सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या घरचे मीटर वाचण्यात घालवली. दार उघडणारा "तिकडे, मोरीपाशी" एवढं म्हणून आत निघून जाई. मीटरला मत विचारायची पद्धत नाही, म्हणून मीटरवाल्यालाही नाही. लग्न ठरतानासुद्धा "मुलगी पसंत आहे ना रे?" असं आत्यानं विचारलं आणि "आहे, आहे" असं आत्यानंच सांगून टाकलं. निर्णय उत्तम ठरला, त्याबद्दल तक्रार नाही. विचारलं असतं तर काकांनी तेच सांगितलं असतं. पण ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आणि त्या निर्णयातून घरात आल्या काकू. काकूंचं बोलणं म्हणजे पूर्ण दाबानं चालू असलेला नळ. त्याखाली भांडं धरावं, हात घालू नये, हे काका पहिल्या आठवड्यातच शिकले होते.

अशा माणसाकडे एका दुपारी त्यांची भाची आली. ती टीव्हीच्या कचेरीत कोणती गाडी कुठे पाठवायची ते बघत असे. शुक्रवारी संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष संकटाबद्दल देशाशी बोलणार होते. भाषण संपताक्षणी एका सर्वसाधारण घरातून सर्वसाधारण माणसाची प्रतिक्रिया थेट दाखवायची होती. आधी ठरवलेल्या दोन सर्वसाधारण माणसांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. एकाला बायकोनं परवानगी दिली नाही, आणि दुसऱ्याला आपण सर्वसाधारण आहोत हे मान्य नव्हतं.

"मामा, तुम्ही अगदी हवे तसे आहात," भाची म्हणाली. "तुमच्याकडे बघून काही म्हणजे काहीच वाटत नाही."

हे कौतुक आहे असं काकांनी मनाशी ठरवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "मला विचारणार? आणि मी सांगेपर्यंत थांबणार?"

"अख्खं एक मिनिट. मधे कोणी बोलायचं नाही, नियमच आहे तसा."

मधे कोणी बोलायचं नाही! काकांच्या डोळ्यांपुढे ते मिनिट उभं राहिलं, स्वच्छ, रिकामं, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं. भाचीनं "मामा, संकटात घरोघरी" असं काहीतरी पुढे सुरू केलं होतं, पण तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघू लागल्या.

भिंतीवर ओल आली होती. ती बरीच जुनी होती आणि दरवर्षी थोडी वाढत असे. "अख्खा देश ही ओल बघणार," काकू म्हणाल्या. काकांना सांगायचं होतं की देश ओल बघायला येत नाहीये, प्रतिक्रिया ऐकायला येतोय. "माझं म्हणणं असं की," ते म्हणाले, आणि तोवर काकू जिना उतरून शिंप्याकडे पडदे मागायला गेल्याही होत्या.

इथून पुढे जे झालं त्याचा दोष कोणा एकावर ठेवता येणार नाही. तळमजल्यावरचा शिंपी पडदे द्यायला एका पायावर तयार होता. हिरवे, मखमली, जमिनीला टेकणारे. एका नाटक कंपनीनं शिवून घेतले होते आणि मग संकटामुळे नाटकच रद्द झालं होतं. अट एवढीच, की पडदे दिसतील तिथे शिंपीही दिसला पाहिजे. "पडद्याला चुणी नीट पडायला माणूस लागतो जवळ," तो म्हणाला. आता चुण्यांच्या बाबतीत शिंप्याशी वाद कोण घालणार?

पडदे मखमली म्हटल्यावर त्यापुढे सुतळीनं पाय बांधलेली खुर्ची शोभेना. म्हणून काकू तिसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंच्या दवाखान्यात एक लांबलचक सोफा होता. वाट बघणाऱ्या रुग्णांनी भीतीनं दाबून दाबून त्याचे हात चकचकीत केले होते. बधिर करायचं औषध बाजारातून नाहीसं झाल्यापासून लोक दुखरा दात घरीच सांभाळत होते आणि सोफा मोकळाच पडून होता. बाई म्हणाल्या, "न्या की. पण माझा सोफा माझ्याशिवाय कुठे जात नाही."

सोफ्याखाली उघडी फरशी वाईट दिसते, हे डॉक्टरीणबाईंनीच दाखवून दिलं. गालिचा होता शेजारच्या भोंगेवाल्याकडे. हा गृहस्थ बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवत असे. लोक हल्ली गुपचूप लग्न करू लागल्यामुळे भोंग्याला काम नव्हतं, पण बँडचा लाल गालिचा त्याच्या ताब्यात होता. गालिच्याबरोबर तो आला, आणि त्याच्याबरोबर भोंगाही आला, कारण भोंगा घरी एकटा ठेवला की त्याला करमत नाही असं त्याचं म्हणणं होतं. करमत कोणाला नाही, भोंग्याला की त्याला, हे काकांनी विचारायला सुरुवात केली होती.

सोफा तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आणायला त्याचे चारही पाय काढावे लागले. आत आल्यावर बाईंनी ते स्वतःच्या हातानं परत बसवले, आणि दाढ बसवावी तसे घट्ट बसवले. "आता हलणार नाहीत," त्या म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण ठेवलं कोणी नाही.

मग कोणीतरी आठवण केली, की संकटामुळे चारपेक्षा जास्त माणसं एका खोलीत जमवायची असतील तर वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. काका गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्याच्यासमोर दोन शिक्के होते.

"कार्यक्रम आनंदाचा की दुःखाचा?" त्यानं विचारलं.

"भाषण ऐकायचंय, राष्ट्राध्यक्षांचं."

"ते कळलं. आनंदाचं की दुःखाचं? हा शिक्का लग्न-वाढदिवसाचा, हा मयताचा."

काका म्हणाले, ते भाषण झाल्यावर कळेल. कारकून म्हणाला, मग भाषण झाल्यावर या. काका म्हणाले, परवानगी आधी लागते. कारकुनानं ते मान्य केलं. त्यानं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तेलाच्या दुकानापुढे रांग होती, आणि रांगेकडे बघून भाषणाचा अंदाज येतो का ते तो पाहत असावा. शेवटी त्यानं दोन्ही शिक्के मारले, शेजारी शेजारी, आणि सांगितलं की जो लागू होईल तो वापरा.

आता फक्त प्रतिक्रिया तयार करायची राहिली होती. काकांनी दोन केल्या: भाषण चांगलं झालं तर एक, वाईट झालं तर एक. दोन्हींची सुरुवात "एका दृष्टीनं पाहता" अशी होती, त्यामुळे पाठ करायला सोपं जाई. पण बातमी इमारतभर झालेली. शिंपी म्हणाला, काका, दोऱ्याच्या रिळाबद्दल एक शब्द टाका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बधिर करायच्या औषधाबद्दल बोला, आणि बोलताना खालचे दात दाखवू नका, मला ओळखणारे लोक बघत असतील. भोंगेवाल्यानं बँडवाल्यांची उपासमार घालायला सांगितली आणि श्वास पोटातून कसा घ्यावा हे करून दाखवलं. तेव्हा खिडकीची तावदानं हलली. काकूंनी साबण घातला, तेल घातलं, गॅसची टाकी घातली. गुरुवारी काकांनी प्रतिक्रिया आरशापुढे म्हणून बघितली. ती चांगली लांब झाली होती, तिच्यात सगळी इमारत होती. फक्त काका कुठे सापडेनात.

त्या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. एक मिनिट मिळालं होतं, तेही लोकांच्या सामानानं भरून गेलं होतं, घरासारखंच.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी टीव्हीची माणसं आली. कॅमेरावाला, आणि कानाला यंत्र लावलेल्या एक निर्मातीबाई. त्या दारातच थबकल्या. समोर हिरवे मखमली पडदे, लाल गालिचा, राजदरबारी सोफा. सोफ्यावर मध्यभागी दातांच्या डॉक्टरीणबाई, पडद्याला चुणी पाडत शिंपी, आणि कोपऱ्यात हौदाएवढा पितळी भोंगा. काका शोधल्यावर सापडले.

निर्मातीबाईंनी सगळं नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "हे संकटात सापडलेल्या माणसाचं घर वाटत नाही हो. हे संकट आणणाऱ्याचं वाटतं."

भाचीला त्या दिवशी नेमकं हेच सांगायचं होतं, की मामा, संकटात घरोघरी असतं तसंच साधं राहू द्या. तिचंही वाक्य पुरं झालं नव्हतं. घराण्यातच आहे ते.

"भाषणाला पाच-सात मिनिटं आहेत," निर्मातीबाई म्हणाल्या. "सगळं बाहेर काढा. ती ओल दिसली पाहिजे. ओल फार छान आहे."

आठवडाभर झाकून ठेवलेल्या ओलीची अशी तारीफ ऐकून काकूंचं तोंड उघडं राहिलं, पण कामाला त्या कधी मागे हटल्या नाहीत. पडदे निघाले. गालिचा गुंडाळला. काकांच्या कंबरेला दुखण्याचा पट्टा होता, म्हणून त्यांना काही उचलू दिलं नाही. "तुम्ही त्या स्टुलावर उभे राहा आणि मधे मधे करू नका," काकू म्हणाल्या. काका स्टुलावर चढले. आतून भोंगेवाला आणि काकूंनी सोफा उचलला, बाहेरून शिंपी आणि डॉक्टरीणबाईंनी धरला. दारात तो अर्धा गेला आणि थांबला.

पाय! चारही पाय दाढेसारखे घट्ट. एक चौकटीत अडकला, एक जिन्याच्या कठड्यात. कॅमेरावाला आणि निर्मातीबाई जिन्याकडे राहिल्या, टीव्ही आत राहिला. सोफा सोडावा तर तो कलंडून जिन्यावरून खाली जाणार, आणि खालच्या पायरीवर कॅमेऱ्याची पेटी. म्हणून चौघांनी तो तसाच पेलून धरला.

तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष सुरू झाले.

काकूंनी ओरडून आवाज मोठा करायला सांगितला. काकांनी स्टुलावरूनच हात लांबवून केला, आणि मग सगळ्यांनी सोफा धरून ते भाषण ऐकलं. राष्ट्राध्यक्षांच्या मागेही मखमली पडदे होते, हे फक्त शिंप्याच्या लक्षात आलं. मान वाकडी करून त्यानं चुण्या बघितल्या आणि नाक मुरडलं. परिस्थिती कठीण आहे, असं राष्ट्राध्यक्ष म्हणाले. शिंप्याच्या हाताला कंप सुटला होता, त्यालाही तसंच वाटत होतं. कोणाचाही दोष नाही, असं ते म्हणाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भोंगेवाल्याकडे पाहिलं. आणि मग ते पुनःपुन्हा एकच सांगू लागले, की सर्वांनी जोर लावला पाहिजे. प्रत्येकानं, आपापल्या जागी, पूर्ण ताकदीनिशी जोर लावा!

राष्ट्राध्यक्षांची आज्ञा. चौघांनी जोर लावला.

स्टुलावर उभ्या असलेल्या काकांना तिथून सोफ्याच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. त्या खोलीत दोन्ही बाजू दिसणारे ते एकटेच. आणि त्यांना असं दिसलं, की आतून काकू आणि भोंगेवाला सोफा बाहेर ढकलताहेत. आणि बाहेरून डॉक्टरीणबाई, सोफा जिन्यावरून पडेल या भीतीनं, शिंप्याला घेऊन तो आत ढकलताहेत. जोर समसमान होता. घाम दोन्हीकडे गळत होता. सोफा देवळातल्या खांबासारखा स्थिर होता.

"अहो, माझं म्हणणं असं की," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प उभे राहा," काकू धापा टाकत म्हणाल्या. "ऐकलं नाही का? जोर लावायचाय."

"पण डॉक्टर, तुम्ही जरा—"

"काका, दिसत नाही का, मी लावतेय जोर!"

चौघांनी आणखी जोर लावला. चौकट करकरली. भाषण संपलं, राष्ट्रगीत झालं. राष्ट्रगीताला उभं राहायचा प्रश्नच नव्हता, सगळे उभेच होते. निर्मातीबाईंनी कानातलं यंत्र दाबलं, जिन्यातला दिवा लावला, आणि कॅमेरावाल्यानं कॅमेरा सोफ्यावरून आत रोखला. कॅमेऱ्याच्या चौकटीत काय दिसलं असेल? खाली आडवा सोफा, त्यामागे ओल, आणि दोन्हींच्या मधे स्टुलावरच्या काकांचं डोकं.

"काका," निर्मातीबाई म्हणाल्या, "राष्ट्राध्यक्षांचं भाषण तुम्ही ऐकलंत. तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी सवयीनं काकूंकडे पाहिलं. काकू काहीतरी म्हणणारच होत्या. पण तोंड उघडलं आणि नुसती वाफ बाहेर आली. दम संपला होता. डॉक्टरीणबाईंचा संपला होता, शिंप्याचा संपला होता. एवढा मोठा भोंगा वाजवणारा माणूस, त्याच्याही छातीत फुंकर उरली नव्हती. इतकी शांतता काकांनी आपल्या घरात कधी ऐकली नव्हती. त्यांना नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू आलं.

एका दृष्टीनं पाहता, असं काका म्हणणार होते. रीळ, औषध, बँड, साबण, सगळं रांगेत उभं होतं. पण समोर सोफा होता.

"माझं म्हणणं असं," काका म्हणाले, आणि वाट पाहिली. कोणी बोललं नाही. "साहेब म्हणाले, सगळ्यांनी जोर लावा. आता जोर कमी आहे असं नाही हो. हे माझ्या दारातच बघा. ही आतली माणसं सोफा बाहेर ढकलताहेत, आणि बाहेरची माणसं तोच सोफा आत ढकलताहेत. चारही माणसं चांगली. घामही सगळ्यांचा खरा. जितका जास्त जोर लावतील तितका सोफा जास्त अडकणार, आणि शेवटी जाईल ती माझी चौकट. तर साहेबांना एवढंच सांगायचंय, की जोर नंतर लावू. आधी कोणीतरी स्टुलावर चढून कोण कुठे ढकलतंय ते बघा. आणि तो स्टुलावरचा माणूस काही सांगायला लागला, तर त्याला मधेच गप्प करू नका."

एवढं बोलून काकांनी पूर्णविराम दिला. आयुष्यातला पहिला. तो कसा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. छातीत काहीतरी अलगद जमिनीला टेकल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. "अग बाई," त्या म्हणाल्या, आणि ढकलायचं थांबवून त्यांनी सोफा आपल्याकडे ओढला. काकूंनी आतून थोडा तिरपा उचलला. आणि इतका वेळ हटून बसलेला तो सोफा, पाय वगैरे सगळं घेऊन, लोण्यातून सुरी जावी तसा दारातून बाहेर गेला. तोल जाऊन भोंगेवाला त्यावर बसला, आणि बसल्या बसल्या सोफ्यासकट बाहेर पोचला. हे सगळं थेट दिसलं, साऱ्या देशाला.

त्या संध्याकाळी लोकांनी आणखी कोणाकोणाच्या प्रतिक्रिया ऐकल्या म्हणतात. अर्थतज्ज्ञ होते, विरोधी पक्षाचे पुढारी होते. त्या आता कोणाला आठवत नाहीत. सकाळी तेलाच्या दुकानापुढे दोन माणसं भांडू लागली, तेव्हा तिसरा म्हणाला, "आधी स्टुलावर चढा रे कोणीतरी," आणि रांग हसली. दुपारपर्यंत बसमध्ये तेच, हाटेलात तेच. संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याला एका बातमीदारानं विचारलं, की सरकारात स्टुलावर कोण आहे? प्रवक्त्यानं पाण्याचा पेला उचलला, आणि तो बराच वेळ पीत राहिला. आणि पुढच्याच आठवड्यात दोन खात्यांचे मंत्री, जे एकमेकांचे हुकूम रद्द करण्यात गुंतले होते, एका खोलीत बसवले गेले. बधिर करायचं औषध एका खात्यानं मागवलं होतं आणि दुसऱ्यानं बंदरात अडवून ठेवलं होतं, असं निघालं. डॉक्टरीणबाईंचा सोफा महिनाभरात रुग्णांनी भरला. त्यातले निम्मे, त्या शपथेवर सांगतात, दातासाठी नव्हे, सोफ्यासाठी येतात.

वॉर्ड ऑफिसचा कारकून तर स्वतः घरी आला. सोबत शाईचं पॅड आणि कापूस होता. "ती परवानगी काढा जरा," तो म्हणाला. त्यानं मयताचा शिक्का खाडाखोड करून पुसला, लग्न-वाढदिवसाचा तसाच ठेवला, त्यावर एकदा फुंकर मारली, आणि चहा न घेता गेला.

पण काकांचा खरा विजय याच्याही आधी झाला होता, शनिवारी सकाळी. स्वयंपाकघरात काकू चहा करत होत्या. काका दारात उभे राहून चौकटीवरचा ओरखडा बघत होते. काकूंनी मागे न वळता विचारलं, "अहो, या भिंतीचं काय करावं? तुमचं काय म्हणणं आहे?"

काकांनी खोलीत आणखी कोणी आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं.

"माझं म्हणणं असं की," ते म्हणाले.

काकू वळल्या. पदराला हात पुसले, आणि गप्प उभ्या राहिल्या.

आता इतक्या वर्षांचं साठलेलं. वाक्य काही लहान होईना. ओलीचं मूळ वरच्या मजल्यावरच्या मोरीत होतं, तिथून ते नळाच्या जोडणीत गेलं, तिथून पाणीपुरवठा खात्यात, खात्यातून त्यांच्या नोकरीत, आणि मधेच एका वळणावर ते आत्यापाशी आणि "मुलगी पसंत आहे"पाशीही जाऊन आलं. मागे चहा वर येऊ लागला. काकूंना तो दिसत होता, काकांनाही दिसत होता. काठापर्यंत आला, फुगला, आणि उतू गेला. शेगडीवर चर्र झालं.

काकू हलल्या नाहीत.

काकांनी वाक्य शेवटपर्यंत नेलं, पूर्णविराम दिला, आणि मग स्वतः पुढे होऊन गॅस बंद केला.